इच्छामरणाचा कायदा करण्याआधी आपल्या अतिदक्षता विभागांत निर्णय कसे होतात ते पाहावे

धागाकर्ता: पश्चिम नागपूर

इच्छामरणाला कायद्याने मान्यता मिळावी, ही मागणी वर्तमानपत्रांतील वाचकांच्या पत्रव्यवहारात, ज्येष्ठ नागरिक मंडळांच्या बैठकांत आणि आता या मंडळावरही वरचेवर होताना दिसते. मागणी करणारे बहुतेक जण सुशिक्षित, निवृत्तिवेतनधारक आणि आयुष्यभर स्वतःचे निर्णय स्वतः घेत आलेले असतात. त्यांच्या मागणीमागील भावनेबद्दल मला पूर्ण आदर आहे. तरीही रुग्णाच्या मागणीवरून डॉक्टरने प्राणघातक औषध देण्याची, किंवा रुग्णाला ते स्वतः घेता यावे म्हणून लिहून देण्याची मुभा देणारा कायदा आज भारतात होऊ नये, असे माझे मत आहे. त्याची कारणे मांडण्यासाठी आणि इतरांची मते समजून घेण्यासाठी हा धागा काढत आहे.

अरुणा शानबाग यांचे प्रकरण आपल्या सर्वांना माहीत आहे. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात, तेथेच परिचारिका असलेल्या अरुणा यांच्यावर पाशवी हल्ला झाला आणि १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने मृत्यू येईपर्यंत त्या त्याच रुग्णालयात, तेथील परिचारिकांच्या सांभाळात पडून होत्या. पत्रकार-लेखिका पिंकी विराणी यांच्या याचिकेवर ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. अरुणा यांच्याबाबतीत परवानगी नाकारली, पण काही अटींवर जीवनरक्षक उपचार थांबवता येतील हे तत्त्व मान्य केले. माझ्या मते या निकालातील सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट वेगळीच आहे. त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाचा, असा प्रश्न आला तेव्हा न्यायालयाने याचिकाकर्तीपेक्षा रोज त्यांचे अंग पुसणाऱ्या, त्यांना भरवणाऱ्या रुग्णालयातील कर्मचाऱ्यांचे मत अधिक महत्त्वाचे मानले.

आता आपल्या शहराकडे पाहू. धंतोली-रामदासपेठेत रुग्णालयाला लागून रुग्णालय आहे आणि तेथे गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियापासून छिंदवाडा, बालाघाटपर्यंतचे रुग्ण येतात. अत्यवस्थ रुग्ण व्हेंटिलेटरवर ठेवला जातो, नातेवाईक आधी हातातली रक्कम भरतात, नंतर दागिने गहाण पडतात, पुढे शेतीवर उचल होते, आणि एका संध्याकाळी पुढची अनामत रक्कम भरणे अशक्य होऊन घरातला कर्ता पुरुष ‘डामा’च्या कागदावर सही करतो. वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध, स्वतःच्या जबाबदारीवर रुग्णाला घरी नेत आहोत, असे त्या कागदावर लिहिलेले असते. त्या रुग्णाचे जगणे किंवा मरणे डॉक्टरांच्या कोणत्याही मंडळाने तपासलेले नसते आणि त्याची इच्छा कोणी विचारलेली नसते. ज्या देशात २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के खर्च लोक थेट खिशातून करतात, तेथे मरणाचा निर्णय रुग्णाच्या इच्छेने झाला की बिलाने, हे कोणी आणि कसे ठरवायचे?

माझा मुख्य आक्षेप एवढाच आहे. इच्छामरणाच्या समर्थनाचा सगळा डोलारा ‘इच्छा’ स्वतंत्र असण्यावर उभा आहे. ‘पोरीच्या लग्नाचे पैसे माझ्यावर घालवू नका’ असे म्हणणाऱ्या बापाची इच्छा खरीच असते, पण ती मरणाची इच्छा नसून लेकीचे लग्न व्हावे ही इच्छा असते. या दोन इच्छा वेगळ्या काढून दाखवणारी कोणतीही व्यवस्था आज आपल्याकडे नाही.

वकील, सिव्हिल लाइन्स

धागा आवश्यक आहे. चर्चा नेमकी राहावी म्हणून कायद्याची आजची स्थिती थोडक्यात मांडतो, कारण या विषयावर बोलताना अनेक जण २०११ वरच थांबतात.

९ मार्च २०१८ रोजी ‘कॉमन कॉज’ संस्थेच्या याचिकेवर पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा अधिकार हा अनुच्छेद २१ मधील जीविताच्या अधिकाराचा भाग असल्याचे सांगितले आणि सज्ञान, विचारक्षम व्यक्तीला वैद्यकीय इच्छापत्र करण्याची, म्हणजे कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याची, मुभा दिली. मात्र कार्यपद्धती इतकी किचकट होती की ती कागदावरच राहिली. इच्छापत्रावर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी लागे आणि उपचार थांबवण्याबाबत मत देणाऱ्या वैद्यकीय मंडळांतील डॉक्टरांना २० वर्षांचा अनुभव लागे. २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने ती सुधारली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे आहेत, डॉक्टरांच्या अनुभवाची अट ५ वर्षांवर आली आहे, आणि प्राथमिक व दुय्यम मंडळांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यावे अशी अपेक्षा आहे. दुय्यम मंडळात मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नामनिर्देशित केलेला एक डॉक्टर असतो. इच्छापत्र नसेल तरी नातेवाईकांच्या संमतीने याच मार्गाने जाता येते, आणि मंडळाने नकार दिल्यास उच्च न्यायालयात दाद मागता येते. आपल्याला त्यासाठी मुंबई गाठण्याचीही गरज नाही, खंडपीठ येथेच आहे.

धागाकर्त्यांनी उल्लेख केलेली सक्रिय कृती, म्हणजे प्राणघातक औषध देणे, मात्र आजही गुन्हा आहे. रुग्णाची संमती सिद्ध झाली तर खुनाऐवजी सदोष मनुष्यवध ठरू शकेल, याहून अधिक सवलत नाही. आत्महत्येस साहाय्य हाही भारतीय न्याय संहितेच्या कलम १०८ खाली गुन्हा आहे.

एक ऐतिहासिक बाब महाराष्ट्रातील वाचकांसाठी. आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणारे जुन्या भारतीय दंड संहितेतील कलम ३०९ घटनाबाह्य असल्याचे मुंबई उच्च न्यायालयाने १९८६ मध्येच मारुती श्रीपती दुबळ प्रकरणात म्हटले होते. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये तीच भूमिका घेतली आणि १९९६ च्या ग्यान कौर निकालात ती पुन्हा फिरवली. एवढ्या चढउतारांतून आलेला कायदा पुढे जाणारच नाही, असे मानण्याचे कारण नाही.

निवृत्त परिचारिका

मी अनेक वर्षे अतिदक्षता विभागात काम केले आहे, त्यामुळे वरच्या चर्चेतील शब्दांमागे काय असते ते लिहिते.

व्हेंटिलेटरवरचा रुग्ण शुद्धीत आला की घशातील नळी ओढून काढू पाहतो. म्हणून त्याचे दोन्ही मनगट कापसाची घडी ठेवून, पट्टीने खाटेच्या कठड्याला बांधावे लागतात. नळीतील कफ खेचताना त्याचे सर्व अंग ताठ होते आणि डोळ्यांतून पाणी येते. तरुण रुग्ण बरा होऊन जाणार असेल तर हे सारे सार्थकी लागते. परंतु ज्याचा कर्करोग यकृतात आणि हाडांत पसरला आहे अशा ऐंशीच्या घरातील माणसाचे हात बांधताना, आपण हे कोणासाठी करत आहोत, हा प्रश्न प्रत्येक परिचारिकेला पडतो आणि तो विचारण्याची जागा तिच्यासाठी नसते. नातेवाईकांना भेटायला सकाळ-संध्याकाळ थोडा वेळ आत सोडतात. ते काचेपलीकडचा आकडा पाहतात, ‘बीपी बरे आहे ना सिस्टर?’ असे विचारतात आणि बाहेर जातात.

‘डामा’बद्दल धागाकर्ते दादांनी लिहिले ते खरे आहे, पण त्यानंतर काय होते ते बहुतेकांना ठाऊक नसते. रुग्णाला रुग्णवाहिकेत घालतात, व्हेंटिलेटर काढून अंबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी, जोडतात, आणि परिचर सोबत नसेल तर ती कशी दाबायची हे मुलाला दारातच शिकवतात. गाव दूर असले तर तो मुलगा तासन्‌तास ती पिशवी दाबत जातो. घरी अंगणात खाट टाकलेली असते, मंडळी जमलेली असते, तोंडात गंगाजल घालून होते, आणि मग ती पिशवी थांबवण्याचे काम त्या मुलालाच करावे लागते. मॉर्फिनसारखे वेदनाशामक नाही, धाप कमी करणारे काही नाही, जवळ डॉक्टर नाही. कायद्याने ज्या गोष्टीसाठी दोन मंडळे नेमली आहेत, ती गोष्ट आपण एका पोराच्या हातात देऊन मोकळे होतो.

मला सक्रिय इच्छामरणाबद्दल ठाम मत देता येत नाही. पण वेदनाशमन नीट मिळाले की ‘मला मारून टाका’ म्हणणारे पुष्कळ रुग्ण ते म्हणायचे थांबतात, हे मी स्वतः पाहिले आहे.

मनीषनगर

ताईंचा प्रतिसाद वाचून मन सुन्न झाले. तरीही मी कायद्याच्या बाजूने आहे, आणि ते का हे सविस्तर लिहितो.

माझ्या थोरल्या भावाला चेतापेशींचा असाध्य आजार झाला. या आजारात बुद्धी बहुतांशी शाबूत राहते आणि स्नायू एकेक करून निकामी होतात. आधी पेन धरता येईना, मग घास गिळता येईना, शेवटी आम्ही अक्षरांचा तक्ता धरायचो आणि तो हव्या त्या अक्षरावर पापणी मिटायचा. त्याला निवृत्तिवेतन होते, विमा होता, सेवा करणारी माणसे होती, मुलांची लग्ने झालेली होती. धागाकर्त्यांनी सांगितलेले एकही कारण त्याला लागू नव्हते. तक्त्यावर त्याने अनेकदा एकच वाक्य जुळवले: ‘दुखत नाही, पण हे नको.’

अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात १९९७ पासून असा कायदा आहे. सहा महिन्यांहून अधिक जगण्याची शक्यता नाही असे निदान झालेल्या सज्ञान रुग्णाला तेथे औषध लिहून मिळते आणि ते त्याने स्वतःच घ्यायचे असते. तेथील वार्षिक अहवालांत लोक जी कारणे सांगतात, त्यांत वेदना वरच्या क्रमांकावर नाही. स्वायत्तता गमावणे, आनंद देणाऱ्या गोष्टी करता न येणे आणि आत्मसन्मान जाणे ही कारणे पुढे आहेत. म्हणजे मॉर्फिन कितीही दिले तरी माझ्या भावाच्या प्रश्नाला ते उत्तर नव्हते. तेथे औषध लिहून घेणाऱ्यांपैकी सुमारे एक-तृतीयांश लोक ते कधीच घेत नाहीत. दार उघडे आहे एवढे कळल्यानेच त्यांना उरलेले दिवस काढता येतात.

शिवाय आपल्या कायद्यात एक विसंगती आहे. यंत्रावर असलेल्या रुग्णाला यंत्र नाकारून सुटता येते. यंत्रावर नसलेला, पण तितकाच असाध्य आजार असलेला रुग्ण मात्र अडकून पडतो. दोघांचे दुःख सारखे, परिणाम सारखा, मग एकाला अधिकार आणि दुसऱ्याला नाही, याला नैतिक आधार कोणता?

धागाकर्ता: पश्चिम नागपूर

मनीषनगरकर, आपल्या भावांबद्दल वाचून वाईट वाटले. आपण इतक्या संयमाने लिहिलेत याबद्दल आभार.

विसंगतीच्या मुद्द्याला माझे उत्तर असे. यंत्र काढण्यात आणि औषध देण्यात परिणाम सारखाच असतो, हे नेहमी खरे नसते. अमेरिकेतील कॅरेन अ‍ॅन क्विन्लन या तरुणीचे व्हेंटिलेटर काढण्यास न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये परवानगी दिली. यंत्र काढल्यावर ती स्वतः श्वास घेत राहिली आणि १९८५ मध्ये गेली. उपचार थांबवताना डॉक्टर निसर्गाच्या आड येणे थांबवतो, आणि निदानात चूक असेल तर शरीराला ती चूक दाखवून देण्याची संधी राहते. औषध दिल्यावर ती संधी उरत नाही. तरीही आपल्या भावांसारख्या रुग्णासाठी हा भेद कोरडा आहे हे मी मान्य करतो, आणि अशा माणसाला समाधान देईल असे पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही.

परंतु कायदा एका माणसासाठी होत नाही. कॅनडात २०१६ मध्ये कायदा झाला तेव्हा मृत्यू नजीकच्या काळात अपेक्षित असण्याची अट होती. २०१९ मध्ये क्वेबेकमधील न्यायालयाने ती अट अवैध ठरवली, २०२१ मध्ये संसदेने कायदा बदलला, आणि मरणासन्न नसलेल्या दीर्घ आजारी व दिव्यांग व्यक्तींनाही तो मार्ग खुला झाला. तेथील अपंगांच्या संघटना याला कडाडून विरोध करतात, कारण घर, मदतनीस आणि भत्ता मिळण्यास लागणारा वेळ मरणाची परवानगी मिळण्यास लागणाऱ्या वेळेपेक्षा अधिक असेल तर ती निवड मोकळी राहत नाही. २०२३ मध्ये कॅनडात १५,३४३ जणांचा मृत्यू या मार्गाने झाला. त्यांतील बहुसंख्य खरोखरच मरणासन्न होते, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. जेथे शासन सर्वांच्या उपचारांचा खर्च उचलते, तेथे हा वाद आहे. आपल्याकडे तर उपचारच बाजारात आहेत.

नेदरलँड्समध्ये २००२ पासून कायदा आहे आणि तो बऱ्याच अंशी नीट चालतो असे म्हणतात. पण तेथे हे काम बहुतेक वेळा रुग्णाला वर्षानुवर्षे ओळखणारा कुटुंबवैद्य करतो, दुसरा स्वतंत्र डॉक्टर रुग्णाला भेटतो आणि प्रत्येक प्रकरण नंतर परीक्षण समितीपुढे जाते. आपल्या किती रुग्णांना असा डॉक्टर आहे? आपल्याकडे रुग्ण सकाळी तुमसरहून निघतो, दुपारी नागपुरात दाखल होतो आणि ज्या डॉक्टरने त्याच्याबद्दल मत द्यायचे त्याला तो प्रथमच दिसतो.

वर्धेकर, सध्या नागपूर

आपल्या भागात या विषयावर बोलताना विनोबांना वगळून चालणार नाही. नोव्हेंबर १९८२ मध्ये हृदयविकाराचा झटका आल्यावर त्यांनी पवनारच्या आश्रमात अन्न, पाणी आणि औषध घेणे थांबवले आणि १५ नोव्हेंबरला देह ठेवला. इंदिरा गांधी स्वतः भेटून गेल्या, अनेकांनी विनवले, पण ते बधले नाहीत. सावरकरांनीही १९६६ मध्ये प्रायोपवेशन केले. जैन समाजाच्या संथाऱ्याला, म्हणजे आमरण उपवासाच्या व्रताला, राजस्थान उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये बेकायदा ठरवले, तेव्हा त्याच महिन्याच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली.

या परंपरेत दुसऱ्या कोणाचा हात लागत नाही आणि निर्णय मागे घेण्यास अखेरपर्यंत वाव असतो. मला ही परंपरा वंदनीय वाटते. मात्र तिचा दाखला देऊन ‘आपल्या संस्कृतीत इच्छामरण होतेच’ असे म्हणणे घाईचे आहे. विनोबांसारखी साधना असलेल्या माणसाचा निर्णय आणि सून नीट बोलत नाही म्हणून जेवण टाकणाऱ्या म्हातारीचा निर्णय बाहेरून अगदी सारखा दिसतो.

मानसोपचार क्षेत्रात काम करणारी

वर्धेकरांच्या शेवटच्या वाक्याला जोडून लिहिते. दीर्घ आजारात नैराश्य फार आढळते आणि ते अनेकदा निदानाविना राहते, कारण ‘एवढा आजार आहे, उदास असणारच’ असे सर्वच गृहीत धरतात. मरणाची मागणी आली की प्रथम ती तपासली पाहिजे. उपचारांनंतर मागणी कायम राहिली तर तिचा आदर कसा करायचा हा प्रश्न मग प्रामाणिकपणे विचारता येतो. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला तीव्र तणावाखाली असल्याचे मानून शिक्षेऐवजी मदत देण्याची भूमिका घेतली आहे. विदर्भाला या कायद्याची गरज इतरांपेक्षा अधिक आहे, हे सांगण्याची आवश्यकता नसावी. हा धागा वाचणाऱ्या कोणालाही स्वतःबद्दल असे विचार येत असतील तर टेलिमानस या शासकीय मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी, विनामूल्य, मराठीतही बोलता येते.

मनीषनगर

धागाकर्त्यांचा युक्तिवाद समजतो, पण त्यात एक धोका आहे. गरिबी आहे, डॉक्टर कमी आहेत, व्यवस्था तयार नाही, ही कारणे आणखी पन्नास वर्षे तशीच राहतील आणि माझ्या भावासारख्यांना प्रत्येक पिढीत ‘अजून वेळ आलेली नाही’ असेच ऐकावे लागेल. मिनू मसानी यांनी १९८१ मध्ये मुंबईत सन्मानाने मरण्याच्या हक्कासाठी संस्था काढली, तेव्हाही हेच सांगितले गेले असणार. व्यवस्था सुधारण्याची वाट पाहण्याची किंमत धागाकर्ते भरत नाहीत, पापणीने अक्षरे जुळवणारा माणूस भरतो.

धागाकर्ता: पश्चिम नागपूर

हा आक्षेप मला गंभीर वाटतो, म्हणून ‘वेळ आलेली नाही’ म्हणजे नेमके काय हे सांगतो. तीन गोष्टी झाल्या तर मी माझा विरोध मागे घेईन. पहिली, प्रत्येक जिल्हा रुग्णालयात वेदनाशमन व परिहार सेवा (बरे न होणाऱ्या रुग्णाचा त्रास कमी करणारी सेवा), आणि मॉर्फिन खरोखर उपलब्ध असणे. अमली पदार्थविषयक कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती होऊन मॉर्फिनसाठी अनेक परवान्यांऐवजी मान्यताप्राप्त संस्थेची सोपी पद्धत आली, तरी तालुक्याच्या गावी ते आजही मिळत नाही आणि कर्करोगाच्या रुग्णाला गोळ्यांसाठी नागपूरला यावे लागते. दुसरी, अंतिम टप्प्यातील रुग्णाचा घरचा सांभाळ शासकीय योजनेत समाविष्ट होणे. तिसरी, आज कायद्याने दिलेला मार्ग, म्हणजे इच्छापत्र आणि मंडळे, ‘डामा’च्या कागदाची जागा घेऊ लागणे. केरळने परिहार सेवेचे जाळे गावपातळीपर्यंत नेले आहे, तेव्हा हे अशक्य कोटीतले नाही. जे सौम्य आणि परत फिरवता येण्याजोगे आहे तेही आपण नीट राबवू शकत नसू, तर जे परत फिरवता येत नाही ते राबवण्याची जबाबदारी कोणत्या विश्वासाने घ्यायची?

मनीषनगर

पहिल्या दोन्ही अटी मला मान्य आहेत, तिसरीही. फक्त त्या पूर्ण होण्याची वाट पाहताना कायद्याचा मसुदा आणि चर्चा थांबू नये, एवढे माझे म्हणणे कायम आहे.

महाल वाचनालय

मी बहुतेक वेळा वाचूनच जातो, आज एक व्यावहारिक प्रश्न विचारतो. माझे वय सत्तरच्या पुढे आहे. इच्छापत्र करायचे झाल्यास नेमके काय करावे लागते?

वकील, सिव्हिल लाइन्स

काका, वकील लागतोच असे नाही. कोणत्या परिस्थितीत कोणते उपचार नकोत हे स्पष्ट आणि निःसंदिग्ध भाषेत लिहा: उदाहरणार्थ, बरे होण्याची शक्यता नसताना व्हेंटिलेटर, हृदय बंद पडल्यास ते पुन्हा सुरू करण्याचे प्रयत्न, डायलिसिस. आपण निर्णय घेण्याच्या स्थितीत नसाल तेव्हा संमती देणाऱ्या एक किंवा अधिक नातेवाईकांची अथवा पालकांची (गार्डियन) नावे घाला. हे इच्छापत्र केव्हाही लेखी रद्द करता येईल, हेही त्यात नमूद करा. दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरीकडून किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घ्या. एक प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेच्या सक्षम अधिकाऱ्याकडे, म्हणजे आपल्याकडे महानगरपालिकेत, आणि एक आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे द्या.

निवृत्त परिचारिका

आणि काका, एक प्रत कपाटाच्या लॉकरमध्ये ठेवू नका. तब्येत रात्री दोन वाजता बिघडते, तेव्हा घरचे फाईल आणि आधार कार्ड घेऊन धावतात, लॉकर उघडत नाहीत. ती औषधांच्या फाईलीत पहिल्या पानावर लावा आणि ज्यांची नावे घातली आहेत त्यांना समोर बसवून ते एकदा मोठ्याने वाचून दाखवा. मुलगा पुण्याला किंवा परदेशात असेल तर त्याला फोनवर ऐकवा, कारण बहुतेक वेळा उशिरा पोहोचलेला नातेवाईकच ‘सगळे करा, काही सोडू नका’ म्हणतो आणि मग जवळ असलेल्यांचा धीर सुटतो.